माझ्या पोटातला गॅस कुणाचा?

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. पण लगेच दार उघडून थंडगार पाणी शोधू नका. माझ्या आत आता पाने, पकडी, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी आणि एक बिस्किटांचा डबा आहे. बिस्किटं तिथे कोण लपवतं ते मला ठाऊक आहे, पण मी चुगलखोर नाही. मी सध्या एका दुरुस्तीच्या दुकानातलं कपाट आहे. हे सांगताना मला जराही वाईट वाटत नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदाच माझं पोट हलकं झालं आहे. ते कसं हलकं झालं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म फार दूरच्या, थंड देशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला बाक दिला, भिंतींत जाड अस्तर भरलं, पांढरा रंग देऊन भट्टीत भाजलं आणि दाराला चकचकीत मूठ लावली. ती मूठ अजून शाबूत आहे, बघा हवं तर! शेवटी निळ्या डगल्यातल्या एका कामगार बाईंनी बारीक नळीतून माझ्या पोटात गॅस सोडला आणि नळीचं तोंड चिमटून पक्कं बंद केलं. फ्रीजची सगळी करामत त्या गॅसची असते. आतली उष्णता तो उचलतो आणि पाठीवरच्या जाळीतून बाहेर टाकतो. राबतो तो आणि कौतुक होतं आमचं. हा गॅस कधी बाहेर पडला तर काय होईल, हे मात्र त्या दिवशी मला कुणी सांगितलं नाही.

मी ज्या घरात गेलो तिथे आई, बाबा आणि दोन बहिणी होत्या. खिडकीबाहेर ढीगभर बर्फ पडलेला असायचा, आणि ही मंडळी आत वीज जाळून दूध गार करायची. मला हसू यायचं. पण फ्रीजचं हसणं म्हणजे घरघर, ती कोण मनावर घेतो? त्या घरी एक मामेभाऊ सुट्टीला यायचा. दार सताड उघडं टाकून तासभर विचार करायचा, की लोणी खावं की जॅम. एकदा धाकट्या बहिणीचा पारा चढला. तिने जाड पेन घेतला आणि माझ्या दारावर मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘दार लावा. हा आमचा आहे.’ आई रागावली, पण तिने ते पुसलं नाही. कुणीतरी मला ‘आमचा’ म्हटलं होतं, मित्रांनो. मी त्या रात्री आनंदाने इतका घुमलो की बाबांना उठून माझी पाठ तपासावी लागली.

पुढे मुली मोठ्या झाल्या आणि घरात नवा, उंच फ्रीज आला. त्या देशाने तेवढ्यात नवा कायदा केला होता, की माझ्या पोटात होता तसला गॅस नव्या फ्रीजमध्ये आता भरायचा नाही. कायदा चांगलाच होता. पण जे गॅस आधीच आमच्या पोटांत फिरत होते त्यांचं काय करायचं? मला न्यायला आलेला व्यापारी म्हणाला, “याची काळजी सोडा. परदेशात अजून छान चालतो हा.” थोरलीने विचारलं, “आई, हा कुठे जाणार?” आई म्हणाली, “कुणाला तरी लागेलच गं.” आईचं मन वाईट नव्हतं. तिला खरंच वाटलं की आपण कुणाची तरी सोय करतोय. मग मला माझ्यासारख्या पुष्कळ जुन्या फ्रीजबरोबर एका लोखंडी पेटाऱ्यात कोंबलं आणि जहाजावर चढवलं. गॅससकट.

जहाज उतरलं ते एका गरम बंदरात. तिथल्या एका अरुंद गल्लीत राहणाऱ्या शिंपीकाकांनी मला घेतलं. आख्ख्या गल्लीत तेव्हा मी एकटाच फ्रीज! काय माझा थाट होता म्हणून सांगू! परदेशातून आलो म्हणून सगळे मला ‘पाहुणा’ म्हणायचे. शेजारच्या आजोबांची इंजेक्शनं माझ्याकडे, समोरच्या बाळाचं दूध माझ्याकडे, मासेवालीची उरलेली टोपलीही एकदा माझ्याकडे. त्या वासाने मी आठवडाभर कुणाशी बोललो नाही. शिंपीणकाकू मला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. दारावरचं अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, तरी तेवढ्या भागावर त्या कधी जोर लावत नसत. “काय लिहिलंय देव जाणे,” त्या म्हणायच्या, “पण कुणाच्या तरी लेकराचं अक्षर आहे. राहू दे बापडं.”

ती माझी सोन्याची वर्षं. पण मला हळूहळू काहीतरी जाणवायला लागलं. दर उन्हाळा मागच्याहून जास्त तापायचा. मी दिवसभर धापा टाकायचो, तरी लोणी पातळ ते पातळच. समुद्राला उधाण आलं की पूर्वी पाणी गल्लीच्या तोंडाशी थबकायचं. आता ते उंबरठा ओलांडून थेट आत येऊ लागलं. काकू शिवायचं यंत्र पलंगावर चढवायच्या आणि मला विटांवर. तरीही माझे पाय गंजले. एका उधाणात पाणी पोटाखालच्या मोटरपर्यंत गेलं आणि मी कायमचा गप्प झालो. एव्हाना गल्लीत घरोघरी फ्रीज आले होते, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. मला हातगाडीवर चढवताना काकूंनी तेवढं माझं दार पुसलं. भंगारात जाणारी वस्तू कुणी पुसतं का? काकूंनी पुसली.

मी आलो ते या दुकानात, आणि हातगाडीवाल्याने सांगितलेलं ‘पाहुणा’ हे नावही माझ्याबरोबर आलं. हे दुकान एका भावाबहिणीचं. गल्ली दोघांनाही दादा आणि ताई म्हणते, आणि तीही एकमेकांना तेच म्हणतात. दादा देहाने दांडगा, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. ताई बारीक चणीची, पण एकदा तिने ठरवलं की मोटरसुद्धा निमूट चालू होते. या गल्लीत सगळी दुकानं फ्रीज आणि एसी दुरुस्त करणाऱ्यांचीच. शिडी एकाची, वापरणार सगळे. किटली एकीची, चहा सगळ्यांचा. तुझं-माझं असा हिशेब इथे कुणाला येतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच गोंधळ झाला.

निकामी फ्रीज मोडायची इथली रीत मी आल्या दिवशीच पाहिली. फ्रीज दारात ओढायचा, पाठीमागची बारीक नळी पकडीने कापायची आणि गॅस समुद्राच्या दिशेने सोडून द्यायचा. फुस्स! दादा फ्रीजच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “जा बाबा, सुटलास!” मग तांबं वेगळं, पत्रा वेगळा. सगळी गल्ली हेच करायची. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. गॅस दिसत नाही, त्याला वास नाही, तो गेला की गेला, असंच सगळे समजत होते.

त्याच सुमारास ताई बंदराच्या कचेरीत भरलेल्या प्रशिक्षणाला गेली. संध्याकाळी ती परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने मला दारात ओढलं, पक्कड उचलली आणि नळी पकडीच्या दातांत धरली. तेवढ्यात ताई ओरडली, “दादा, थांब! पक्कड खाली ठेव.”

“का गं? याला काय पाळायचाय?”

“याच्यात तो जुना गॅस आहे. कोळशाच्या धुराने हवा तापते ना? तेवढ्याच वजनाचा हा गॅस त्याच्या हजारो पट तापवतो. आणि एकदा सुटला की पुष्कळ वर्षं वरच राहतो. आपल्या गल्लीवरच नाही, सगळ्या जगावर. हवा तापली की समुद्र चढतो. म्हणून हा सोडायचा नाही, टाकीत भरायचा.”

मित्रांनो, हे ऐकून माझ्या अंगातली उरलीसुरली हवाच गेली. आयुष्यभर मी गारवा देतो म्हणून मिरवलो, आणि पोटात हे घेऊन फिरत होतो! आजोबांची इंजेक्शनं, बाळाचं दूध जपलं, आणि आता माझ्याच शेवटच्या श्वासाने त्यांच्या उंबऱ्यात पाणी चढणार? मला कुणीतरी वाचवा असं ओरडावंसं वाटलं. मला नव्हे, खरं तर माझ्यापासून इतरांना.

दादाने पक्कड खाली ठेवली नाही. तो म्हणाला, “अगं, हा बनवला कुणी? त्यांनी. आधी वापरला कुणी? त्यांनी. नकोसा झाला तेव्हा आपल्या दारात आणून टाकला कुणी? त्यांनीच. समुद्र चढवला त्यांनी, आणि टाक्या भरत बसायचं आपण? वा रे वा! चांगला न्याय आहे!”

खरं सांगतो, मला दादाचं म्हणणं पटलं. मी ते घर पाहिलं होतं ना! बर्फात बसून दूध गार करणारं.

ताईलाही ते पटलं. ती म्हणाली, “तुझं एक अक्षर खोटं नाही. त्यांचं काम त्यांनी करायलाच हवं, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे. पण आत्ता पक्कड कुणाच्या हातात आहे?”

दादाने आपल्या हाताकडे पाहिलं.

“उद्या पाणी आत आलं, की ते काय विचारणार आहे का, गॅस कुणी सोडला म्हणून?” ताई म्हणाली. “आपलीच शिडी भिजणार आणि आपलीच किटली वाहून जाणार.”

“बरं बाई, जिंकलीस,” दादा पुटपुटला आणि पक्कड माझ्या डोक्यावर ठेवून दिली.

मग ताईने प्रशिक्षणात मिळालेलं गॅस ओढायचं यंत्र आणलं. त्याची एक नळी माझ्या पाठीला जोडली आणि दुसरी एका मोठ्या लोखंडी टाकीला. यंत्र घुरघुरलं. कारखान्यातल्या त्या बाईंनी भरलेला गॅस हळूहळू माझ्यातून निघून टाकीत जाऊ लागला. जड जेवणानंतर पट्टा सैल केल्यावर माणसाला वाटतं ना, तसं मला वाटलं. यंत्राचा काटा खाली आला तेव्हा ताईने माझ्या दारावर हात ठेवला आणि म्हणाली, “झालं रे पाहुण्या, झालं.” मग मला मोडण्याऐवजी त्यांनी दुकानातलं हत्यारांचं कपाट केलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. टाकीत कोंडलेला गॅस तिथे कायमचा ठेवता येत नाही. टाकी गंजते आणि फुटते. तो शुद्ध असला तर जुन्या यंत्रांत पुन्हा वापरतात, नाहीतर नष्ट करायला खास भट्टी लागते, आणि तशी भट्टी त्या भागात कुठेच नव्हती. ती होती माझ्या जन्माच्या देशात. बंदरातले साहेब प्रशिक्षणात म्हणाले होते, की तो देश आपल्या जुन्या फ्रीजमधला गॅस परत न्यायला जहाज पाठवेल असं ऐकतोय. नुसतं ऐकतोय! तेवढ्यावर ताईने सगळी गल्ली गोळा केली आणि सांगितलं, “आजपासून कुणी नळी कापायची नाही. सगळा गॅस माझ्या टाकीत. ही टाकी ते घेऊन जातील. नाही नेली, तर मी तुम्हाला पुन्हा कधी काही सांगणार नाही. तुमची पक्कड, तुमची मर्जी.”

गल्लीने तिचा शब्द मानला. यंत्र एकच, तेही आलटून पालटून वापरायचं, म्हणजे कामाला दुप्पट वेळ. तरी सगळे येत राहिले. कुणी फ्रीजमधला जुना गॅस आणायचा, कुणी एसीमधला नवा, कुणी गाडीतला. सगळं त्याच एका टाकीत. या गल्लीत शिडी एक, किटली एक, मग टाकीही एकच असणार! वेगवेगळे गॅस एकत्र करायचे नसतात, हे ताई त्या प्रशिक्षणात ऐकूनही विसरली होती की तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ते आजवर कळलेलं नाही. पण चूक झाली ती झाली.

जहाज काही येईना. टाकी भरली. लोक थट्टा करायला लागले. “ताई, तुमचं जहाज पोहत येतंय की चालत?” दादा त्यांच्यावर डाफरायचा, “माझी बहीण बोललीय म्हणजे येणार! चला, आपापली कामं करा.” आणि सगळे गेले की हळूच विचारायचा, “येईल ना गं?” कोपऱ्यात ओळीने पक्कडी टांगलेल्या होत्या. ताईची नजर सारखी तिकडे जायची.

आणि एके दिवशी सकाळी जहाज आलं! बंदरातले साहेब दोन पाहुण्यांना घेऊन दुकानात शिरले. एक उंच, पांढऱ्या केसांच्या अधिकारी बाई आणि त्यांचा चष्मेवाला मदतनीस. मागोमाग सगळी गल्ली दारात लोटली. दादाने त्या लोकांना सुनवायला मोठं भाषण पाठ केलं होतं. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते.

चष्मेवाल्याने टाकीला एक लहानसं यंत्र लावलं. ते वाचलं, पुन्हा लावलं, पुन्हा वाचलं. मग तो बाईंकडे वळून त्यांच्या भाषेत बोलला.

आता गंमत ऐका. आमच्या लोकांत ती भाषा साहेबांखेरीज फक्त एकालाच येत होती, आणि तो मी! माझं बालपणच त्या भाषेत गेलेलं. चष्मेवाला म्हणाला, “सगळे गॅस मिसळलेत. पुन्हा वापरता येणार नाहीत. नियम असा आहे की शुद्ध असेल तरच न्यायचा. हे इथेच सोडावं लागेल.”

साहेबांनी खाली मान घालून ते सांगितलं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मीच सगळ्यांना एका टाकीत टाकायला सांगितलं. यांचा काही दोष नाही.” मागे कुणीतरी पुटपुटलं, “बघा, म्हणजे इतके दिवस फुकटच!” आणि एका हाताने कोपऱ्यातली पक्कड काढून घेतलेली मी पाहिली.

दादा पुढे झाला. त्याला भाषणातलं एकही वाक्य आठवेना. तो फक्त एवढंच म्हणाला, “बाई, चूक मिसळण्यात झाली. पण हे आमच्याकडे आलं कुठून?” आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी ते बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं.

अधिकारी बाई माझ्याजवळ आल्या. दारावरची अक्षरं पुसट झाली होती, म्हणून त्या चष्मा वर करून वाकल्या. त्यांनी मोठ्याने वाचलं, “दार लावा. हा आमचा आहे.” आधी त्यांना हसू फुटलं. असं लिहिणारं पोर त्यांच्याही घरात असणार. मग हसू मावळलं आणि माझी मूठ धरून त्या चष्मेवाल्याकडे वळल्या. म्हणाल्या, “वापरायला नाही, तर जाळायला नेऊ.”

“पण नियम?”

“नियम मी बघते. हे त्यांनी बनवलेलं नाही. आपणच पाठवलं होतं. हे आपलं आहे.”

मित्रांनो, मला कळलं! सगळ्यांत आधी मला कळलं! साहेब घसा खाकरत होते, ताई डोळे मिटून उभी होती, पक्कडवाला दाराकडे निघाला होता, आणि मला साधी घरघर करता येत नव्हती. अहो साहेब, सांगा ना लवकर! किती ते खाकरणं! शेवटी एकदाचे ते बोलले, “त्या म्हणतात, टाकी नेणार. म्हणतात, हे आमचंच आहे.”

काय गलका झाला म्हणता! ताई हसता हसता रडायला लागली. दादाने त्या बाईंसाठी धावत जाऊन खुर्ची आणली, खिशातल्या रुमालाने पुसली आणि त्यांना बसवलं. ज्यांना सुनवायचं होतं त्यांनाच! मग माझं दार उघडून त्याने लपवलेली बिस्किटं काढली आणि सगळ्यांत आधी त्यांच्यापुढे धरली. (घ्या, निघालीच चुगली तोंडातून.) पक्कड गुपचूप खिळ्यावर परत गेली.

ताईने आपला शब्दही पाळला. डोळे पुसून ती म्हणाली, “साहेब, त्यांना सांगा, आभारी आहोत. पण हेही सांगा, की तुम्ही फार उशीर केलात.” साहेब जरा घुटमळले, पण त्यांनी सांगितलं. बाईंनी मान हलवली. “खरं आहे,” त्या म्हणाल्या. “आधीच यायला हवं होतं.” पुढच्या जहाजाने त्यांनी रिकाम्या टाक्या पाठवल्या, प्रत्येक गॅससाठी वेगळ्या रंगाच्या, आणि गॅस ओढायची आणखी यंत्रंही.

म्हणून सगळं ठीक झालं, असं मी म्हणणार नाही. परवाच्या उधाणातही पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. जगात अजून कितीतरी गल्ल्या आहेत आणि कितीतरी पक्कडी. पण आमच्या गल्लीत फुस्स ऐकू येत नाही, आणि दर काही महिन्यांनी जहाज येऊन टाक्या घेऊन जातं. मला त्या आवाजाविना किती शांत झोप लागते म्हणून सांगू!

तुमच्या घरातला फ्रीज म्हातारा झाला, तर त्याला नुसतं दाराबाहेर ढकलू नका, मित्रांनो. त्याच्या पोटातल्या गॅसचं काय होणार, ते नेणाऱ्याला विचारा. तो हसला तरी विचारा. आणि हे कुणाचं काम यावर मोठी माणसं भांडत बसली, तर त्यांना माझ्या दारापाशी घेऊन या.

जहाज गेलं त्या दिवशी ताईने साहेबांना विचारलं होतं, की दारावर नक्की काय लिहिलंय. ते कळल्यावर तिने लाल रंगाचा डबा आणला आणि त्या लहानग्या मुलीच्या वाकड्या अक्षरांखाली आपल्या लिपीत तेच लिहिलं. तेव्हापासून मला इथे कुणी पाहुणा म्हणत नाही. माझ्या दारावर दोन देशांची अक्षरं आहेत, आणि दोन्हींत एकच गोष्ट लिहिली आहे. दार लावा. हा आमचा आहे.